पहारा कोणाला बांधील आहे?

प्रति,
मा. अध्यक्ष, विद्यापीठ अनुदान आयोग, आणि
महाराष्ट्रातील सर्व सार्वजनिक विद्यापीठांचे मा. कुलगुरू



एप्रिल २०१५मध्ये आयोगाने विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. सहज चढून जाता येणार नाही एवढी उंच भिंत, भिंतीवर काटेरी तारांची वेटोळी, मोजकीच प्रवेशद्वारे, दारावर रक्षक आणि कॅमेरे, येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद. आवारातच पोलीस ठाणे असावे, असाही विचार त्यांत होता. तेव्हापासून आवारात काहीही घडले की यांतलीच एखादी गोष्ट वाढते. आम्ही विरोध केला की ‘या मुलांना शिस्त नको’ असे म्हटले जाते. म्हणून हे पत्र.

सुरक्षितता आम्हालाच सर्वांत जास्त हवी आहे. रात्री अभ्यासिकेतून वसतिगृहाकडे आम्ही चालत जातो. आमचा प्रश्न एवढाच आहे, की हा सगळा पहारा नेमका कोणाला बांधील आहे?

सप्टेंबर २०१७मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात एका विद्यार्थिनीची संध्याकाळी आवारातच छेड काढली गेली. जवळच रक्षक होते, ते मदतीला आले नाहीत, असे तिने सांगितले. उलट, इतक्या उशिरा का परतत होतीस, असे तिलाच विचारले गेले. मुली विद्यापीठाच्या मुख्य दरवाजाशी बसल्या. त्यांच्या मागण्या रस्त्यावर दिवे लावा, रक्षकांना जबाबदार धरा, तक्रार ऐकून घ्या, अशा साध्या होत्या. २३ सप्टेंबरच्या रात्री त्यांच्यावर लाठ्या चालल्या. ज्यांनी संरक्षण मागितले, त्यांच्याच अंगावर बळ धावून गेले. या आंदोलनाला सुरक्षाविरोधी म्हणायला कोणाची जीभ कशी रेटते, हे मला खरोखर कळत नाही.

दोन वर्षांनी दिल्लीत जे झाले, त्यात तर उत्तर स्पष्टच मिळाले. १५ डिसेंबर २०१९ला पोलीस जामिया मिलिया इस्लामियाच्या आवारात शिरले, ग्रंथालयापर्यंत पोहोचले, वाचत बसलेली मुले लाठ्या आणि अश्रुधुरात सापडली. एका विद्यार्थ्याचा डोळा गेला. पोलिसांनी परवानगी घेतली नव्हती, असे खुद्द कुलगुरूंनी जाहीरपणे सांगितले. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ५ जानेवारी २०२०ला, जवाहरलाल नेहरू विद्यापीठात तोंडे बांधलेला जमाव काठ्या आणि लोखंडी सळ्या घेऊन वसतिगृहांत फिरला. विद्यार्थी संघाच्या अध्यक्षेचे डोके फुटले, शिक्षक जखमी झाले. दारावर विद्यापीठाचे रक्षक होते आणि दाराबाहेर पोलीसही होते. विद्यापीठाचे लेखी पत्र येईपर्यंत पोलीस बाहेरच थांबले, असे कारण पुढे आले. जिथे विद्यार्थी निदर्शने करत होते, तिथे परवानगीवाचून काही अडले नाही. जिथे विद्यार्थी मार खात होते, तिथे परवानगीवाचून सगळे अडले. हे दोन दिवस शेजारी शेजारी ठेवून पाहावेत, अशी मी आपल्याला हात जोडून विनंती करते.

आपल्या राज्यातही हे घडले आहे. ऑगस्ट २०१५मध्ये पुण्याच्या फिल्म संस्थेत संप चालू होता. संचालकांना घेराव घातल्याची तक्रार झाली आणि पोलीस मध्यरात्री आवारात जाऊन पाच विद्यार्थ्यांना घेऊन गेले. ही मुले कुठे पळून जाणार होती? सकाळी बोलावले असते तरी आली असती. मध्यरात्र निवडली जाते ती धाक बसवण्यासाठी.

आणि जून २०२३. मुंबईत चर्नी रोडच्या शासकीय मुलींच्या वसतिगृहात अठरा वर्षांची एक विद्यार्थिनी आपल्या खोलीत मृतावस्थेत सापडली. तिच्यावर अत्याचार करून तिचा खून झाला होता. संशय ज्याच्यावर होता, तो त्या वसतिगृहात पहारा करणाराच माणूस होता. त्याचे प्रेत रेल्वे रुळांवर मिळाले. दाराशी आणखी एक रक्षक उभा केल्याने ती वाचली असती का? तिला भीती वाटत असेल तर ती रेक्टरकडे नव्हे, तर आपल्यासारख्याच मुलींनी निवडून दिलेल्या कोणाकडे बोलू शकली असती, अशी जागा त्या इमारतीत हवी होती. हे लिहिताना माझा हात थरथरतो, कारण अशा वसतिगृहांत आजही शेकडो मुली राहतात.

कॅमेऱ्यांच्या बाजूनेही एक खरे बोलणे आहे, ते मी टाळणार नाही. ऑगस्ट २०२३मध्ये जादवपूर विद्यापीठाच्या वसतिगृहात पहिल्या वर्षाचा एक मुलगा रॅगिंगनंतर जिवाला मुकला. त्या विद्यापीठात कॅमेऱ्यांना विद्यार्थ्यांचा जुना विरोध होता आणि त्या मृत्यूनंतर अनेकांनी त्यावर बोट ठेवले. त्या मुलाच्या आईवडिलांसमोर उभे राहून ‘कॅमेरा नको’ असे मी म्हणू शकणार नाही. प्रवेशद्वारावर, जिन्यात, अंधाऱ्या वाटेवर कॅमेरा लावा. पण त्याचे चित्रण कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, आंदोलनात कोण बसले होते हे शोधायला ते वापरले जाणार नाही याची हमी कोण देणार? ही हमी लेखी आणि जाहीर असेल तर माझ्यासारख्या अनेकांचा विरोध तिथेच मावळेल. रॅगिंग मात्र बंद दाराआड चालते. ते थांबवायला रात्री मजल्यावर फिरणारा वॉर्डन आणि तक्रार करणाऱ्या मुलाचे नाव गुप्त ठेवणारी समिती लागते.

वाईट याचे वाटते, की चांगले नियम आयोगाने स्वतःच केले आहेत. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१५च्या विनियमांत म्हटले आहे, की सुरक्षिततेचे कारण सांगून मुलींच्या वसतिगृहांना मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत. अंतर्गत समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी निवडून यावेत, असेही तिथेच आहे. मग मुलींच्या दाराला लवकर आणि मुलांच्या दाराला उशिरा कुलूप लागणारी वसतिगृहे आजही का आहेत? महाराष्ट्रात तर निवडून येणेच दुर्मीळ झाले आहे. २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदेच्या खुल्या निवडणुकांची वाट मोकळी केली, २०१९मध्ये त्या घ्यायचे ठरले आणि मग पुढे ढकलल्या गेल्या. भिंतीसाठी निविदा निघतात, निवडणुकीसाठी तारीख निघत नाही.

दारावरच्या रक्षकांशी आमचे वैर नाही. त्यांतले बहुतेक ठेकेदाराचे कंत्राटी कामगार आहेत, लांबलचक पाळ्या करतात. त्यांना हुकूम वरून येतो, म्हणून ते वरच पाहतात. त्यांच्या कामाचा आढावा घेणाऱ्या समितीत विद्यार्थिनी, शिक्षक आणि रक्षकांचाही प्रतिनिधी बसवा. रक्षकाविरुद्धची तक्रार ठेकेदाराच्या हाती न देता अंतर्गत समितीकडे जाऊ द्या.

पोलीस आवारात येणार असतील तर कुलगुरूंची सही असलेला, कारण आणि वेळ लिहिलेला आदेश हवा आणि तो त्याच दिवशी सर्वांना वाचता यावा. कोणाच्या जिवावर बेतले असेल तेव्हा पोलिसांनी पत्राची वाट न पाहता यावे; त्या वेळी कोणी बोलावले आणि कोण आले, याची नोंद चोवीस तासांत सूचनाफलकावर लागावी. विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकीची तारीख जाहीर करा. हे सारे पुढच्या सत्राचे प्रवेश सुरू होण्यापूर्वी करता येण्यासारखे आहे. आपल्या विद्यापीठात यांतले काय केव्हा होणार, याचे लेखी उत्तर आम्हाला कुलसचिवांच्या सहीने हवे आहे.

आपली,
वसतिगृहात राहणारी एक संशोधक विद्यार्थिनी