डॉक्टर परिषदेला गेले, परत काय आणले?

डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या शुक्रवारी सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत गेले, की एक वाक्य हमखास कानी पडते : ‘मोठे डॉक्टर कॉन्फरन्सला गेलेत, सोमवारी या.’ पहाटेच्या एसटीने तालुक्याहून आलेला, केसपेपर काढून दोन तास रांगेत उभा राहिलेला रुग्ण त्यावर फारसे काही बोलत नाही. त्याचा दिवसाचा रोजगार बुडालेला असतो, भाडे गेलेले असते आणि सोमवारी पुन्हा तेवढाच खर्च करायचा असतो. परिषदेच्या खर्चाचा हिशेब मांडताना नोंदणी शुल्क, प्रवास आणि हॉटेल एवढेच धरले जाते. या रुग्णाने मोजलेली किंमत त्यात कुठेच येत नाही.

म्हणून डॉक्टरांनी परिषदांना जाऊ नये का? जरूर जावे. जो डॉक्टर वर्षानुवर्षे आपल्या दवाखान्याबाहेर पडत नाही, त्याचे उपचारही शिकला त्या काळातच अडकून राहण्याचा धोका असतो. पण परतताना त्याने रुग्णासाठी काहीतरी घेऊन यावे, एवढी अपेक्षा रांगेतल्या माणसाने ठेवली तर ती वावगी नाही. आज बहुतेक परिषदांची आखणी आणि बहुतेक डॉक्टरांची हजेरी ही अपेक्षा डोळ्यांसमोर ठेवून होत नाही, हे मात्र मान्य करायला हवे.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरने दर पाच वर्षांत किमान तीस तासांचे निरंतर वैद्यकीय शिक्षण घेणे अपेक्षित आहे. महाराष्ट्रातही नोंदणीच्या नूतनीकरणासाठी क्रेडिट पॉइंट लागतात. नियमामागचा हेतू चांगला आहे. पण पॉइंट मिळतात ते हजेरीचे. बॅज गळ्यात अडकवला, बॅग आणि प्रमाणपत्र घेतले आणि दुपारी शहर पाहायला निघाले, तरी पॉइंट तेवढेच. सभागृहात पहिल्या रांगेत बसून टिपणे काढणाऱ्याला एकही जास्त मिळत नाही.

परिषदांचा उपयोग होतो का, हे तपासणारे अभ्यास झाले आहेत. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेने २०२१ मध्ये अशा शैक्षणिक सभा आणि कार्यशाळांवरील दोनशेहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला. त्यानुसार योग्य पद्धतीने उपचार करण्याचे प्रमाण अशा सभांनंतर वाढते, पण साधारण सहा-सात टक्क्यांनीच. रुग्णांच्या प्रकृतीवर दिसणारा परिणाम त्याहून कमी. याच संस्थेच्या २००९च्या आढाव्यात आणखी एक गोष्ट दिसली होती. नुसत्या भाषणांपेक्षा भाषण आणि सहभागींची चर्चा, सराव यांची सांगड घातलेल्या सभांचा परिणाम अधिक होता. म्हणजे परिषद निरुपयोगी नाही. ती कशी घेतली जाते आणि तिथे कसे बसले जाते, यावर तिचे फळ ठरते.

ऐकावे कसे, याची दोन उदाहरणे

पहिले उदाहरण १९८३चे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरातील बॅरी मार्शल या तरुण डॉक्टरने रॉबिन वॉरन यांच्यासोबत जठराच्या दाहामागे जीवाणू असल्याचे पाहिले होते. पोटातल्या आम्लात जीवाणू जगूच शकत नाहीत, अशी तेव्हाची पक्की समजूत. त्यांच्या देशातील पोटविकारतज्ज्ञांच्या परिषदेने मार्शल यांचा निबंध नाकारला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ब्रसेल्समध्ये जीवाणूंवरील एका लहान परिषदेत त्यांना बोलायची संधी मिळाली. तिथल्या काही श्रोत्यांनी टाळ्या वाजवून विषय सोडून दिला नाही. आपापल्या रुग्णालयात परतल्यावर त्यांनी जठराचे नमुने तपासले, आणि त्यांनाही तो जीवाणू सापडला. ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हे त्याचे नाव पुढे जगभर माहीत झाले, अल्सरवरचे उपचार बदलले आणि २००५ मध्ये वॉरन आणि मार्शल यांना नोबेल पारितोषिक मिळाले. 

दुसरे उदाहरण उलटे आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत अटलांटा येथे कर्करोगतज्ज्ञांच्या मोठ्या परिषदेत दक्षिण आफ्रिकेचे वर्नर बेझवोडा यांनी स्तनाच्या कर्करोगात अतिशय जास्त मात्रेतील केमोथेरपीचे चमकदार निष्कर्ष मांडले. त्याच परिषदेत मांडलेल्या इतर मोठ्या चाचण्यांत तसा फायदा दिसला नव्हता. पुढच्या वर्षी अमेरिकी तज्ज्ञांचे पथक जोहान्सबर्गला जाऊन कागदपत्रे तपासून आले आणि ती माहिती खोटी असल्याचे उघड झाले. या उपचाराचे दुष्परिणाम जीवघेणे ठरू शकतात. चमकदार स्लाइडवर विश्वास ठेवून घाईने उपचार बदलले असते, तर त्याची किंमत रुग्णांनी मोजली असती.

परिषदेत ऐकलेली गोष्ट ही अंतिम सत्य नसते. परिषदांमध्ये मांडलेल्या संशोधनापैकी जेमतेम ३७ टक्के पुढे पूर्ण शोधनिबंध म्हणून प्रसिद्ध होते, असे कॉक्रेनचाच २०१८चा आढावा सांगतो. उरलेल्याचे आकडे, पद्धत आणि त्रुटी बारकाईने तपासण्याची संधी कोणाला मिळतच नाही. तेव्हा नवे ऐकले की आधी पडताळावे, मग वापरावे. वृत्तपत्रांत ‘परिषदेत तज्ज्ञांचा दावा’ अशी बातमी वाचून गोळ्या बदलून मागणाऱ्या रुग्णांनीही हे लक्षात ठेवलेले बरे.

खर्च कोण करतो?

परिषदेचा दुसरा अवघड विषय म्हणजे पैसा. अमेरिकेतील एका मोठ्या रुग्णालयात झालेला आणि १९९२ मध्ये ‘चेस्ट’ या नियतकालिकात आलेला अभ्यास आजही वाचण्यासारखा आहे. औषध कंपन्यांनी सर्व खर्च करून काही डॉक्टरांना रम्य ठिकाणच्या परिषदांना नेले. आपल्या औषधयोजनेवर याचा परिणाम होणार नाही, असे त्यांतील बहुतेकांचे म्हणणे होते. प्रत्यक्षात परिषदेनंतर त्या रुग्णालयात दोन्ही औषधांचा वापर दुपटीहून अधिक वाढला. हे डॉक्टर लबाड होते असे नाही. पाहुणचाराचा परिणाम माणसाच्या नकळत होतो, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडे डिसेंबर २००९ मध्ये आचारसंहितेत दुरुस्ती होऊन डॉक्टरांनी कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास, हॉटेलचा पाहुणचार घेण्यास मनाई झाली. २०१६ मध्ये डॉक्टरांच्या संघटनांना मात्र या तरतुदीतून वगळण्यात आले. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या औषधनिर्माण विभागाने कंपन्यांसाठी नवी संहिता आणली. तीनुसार वक्ता असल्याशिवाय डॉक्टरचा प्रवासखर्च कंपनीला करता येत नाही, परदेशात असे कार्यक्रम भरवता येत नाहीत आणि परिषदांवरील खर्च उघड करावा लागतो. संहिता स्वागतार्ह आहे. पण परिषदेचे मोठे बिल संघटनेच्या नावाने कंपन्याच भरत राहिल्या, तर मंचामागच्या पडद्यावर कोणाचे बोधचिन्ह झळकणार आणि दुपारच्या जेवणाआधीचे महत्त्वाचे सत्र कोणत्या औषधावर असणार, हे वेगळे सांगायला नको.

यावर साधा उपाय आहे. परिषदा लहान आणि स्वस्त कराव्यात. पंचतारांकित हॉटेलऐवजी वैद्यकीय महाविद्यालयाचे सभागृह चालते. संध्याकाळचा संगीताचा कार्यक्रम नसला तरी ज्ञानात घट होत नाही. निवासी डॉक्टरांसाठी शुल्क त्यांच्या विद्यावेतनाला झेपेल इतकेच असावे.

जाणाऱ्याने काय करावे?

तयारी आपल्या वॉर्डातून सुरू व्हावी. गेल्या सहा महिन्यांत कोणत्या रुग्णांपुढे हात टेकले, कुठे निर्णय चुकला, कोणत्या बाबतीत युनिटमध्ये दोन मते आहेत, हे केसपेपर चाळले की कळते. त्यातून दोन-तीन प्रश्न कागदावर उतरवावेत आणि त्या प्रश्नांना धरून सत्रे निवडावीत. एकाच वेळी चार सभागृहांत भाषणे चालू असतात. सगळीकडे डोकावणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. एकाच रुग्णालयातून दोघे गेले असतील तर त्यांनी सत्रे वाटून घ्यावीत आणि रात्री एकमेकांना सांगावीत.

प्रश्न विचारायला संकोच करू नये. सभागृहात धीर होत नसेल, तर वक्त्याला चहाच्या वेळी गाठावे. जिथे सीटी स्कॅन नाही आणि रात्री प्रयोगशाळा बंद असते, तिथे काय करायचे, हा प्रश्न तालुक्याचा डॉक्टरच विचारू शकतो, आणि पुष्कळदा वक्त्यालाही तो नवा असतो. पोस्टरच्या दालनात गर्दी कमी असते. पण तिथे उभ्या असलेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्याकडे आपल्यासारख्याच रुग्णालयातला ताजा अनुभव असतो.

कार्यशाळा शक्यतो चुकवू नये. सर्पदंशाचेच पाहा. विषामुळे रक्त गोठणे थांबले आहे का, हे पाहण्यासाठी थोडे रक्त वीस मिनिटे काचेच्या नळीत स्थिर ठेवतात. चाचणी साधी, वाचून प्रत्येकाला माहीत असते. पण नळी कोरी आणि कोरडी हवी. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली वापरली तर विष भिनलेले नसतानाही रक्त गोठत नाही आणि प्रतिविष विनाकारण दिले जाऊ शकते. ही बारीक बाब हाताने करून पाहताना मनावर ठसते. असा डॉक्टर परतल्यावर आधी आपल्या कॅज्युअल्टीतली नळी तपासतो.

खरे काम परतल्यावरच असते. आठ दिवसांच्या आत युनिटमधल्या निवासी डॉक्टरांना आणि परिचारिकांना तासभर बसवून शिकलेले सांगावे. दहा गोष्टी बदलायला जाऊ नये. एकच निवडावी, तिची पडताळणी करावी, ती लागू करावी आणि तीन महिन्यांनी नोंदी काढून फरक पडला का ते पाहावे.

भरवणाऱ्याने काय करावे?

आयोजकांची पहिली बैठक बहुधा स्थळ, प्रमुख पाहुणे आणि प्रायोजक यांवर होते. ती ‘या भागातल्या डॉक्टरांना कशाची गरज आहे?’ या प्रश्नावर व्हावी. तीन महिने आधी ग्रामीण रुग्णालयांतल्या आणि खासगी दवाखान्यांतल्या डॉक्टरांकडून अडचणी मागवाव्यात आणि त्यांवरून कार्यक्रम आखावा. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, स्मरणिकेचे प्रकाशन आणि मनोगते यांना मिळून वीस मिनिटे पुरेत. आज उद्घाटन तासभर लांबते आणि त्याची वसुली वक्त्यांच्या वेळेतून, विशेषतः प्रश्नोत्तरांतून होते. वीस मिनिटांच्या भाषणानंतर दहा मिनिटे चर्चेची राखावीत आणि वेळ संपल्यावर नामवंत वक्त्यालाही थांबवण्याचा अधिकार अध्यक्षाने वापरावा. कंपन्यांशी असलेले संबंध प्रत्येक वक्त्याने सुरुवातीलाच सांगावेत.

मंचावर एक जागा तालुक्याच्या डॉक्टरसाठी हवी. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध जीव वाचवते, हे महाडच्या परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या उशाशी बसून दाखवून दिले आणि त्यांचे काम ‘लॅन्सेट’ आणि ‘बीएमजे’सारख्या नियतकालिकांत गेले. ज्ञान फक्त महानगरातून गावाकडे वाहते, हा समज यानंतर तरी टिकायला नको. 

सभागृहातून बाहेर पडताना ‘जेवण कसे होते?’ छापाचा अभिप्राय भरून घेण्यापेक्षा तीन महिन्यांनी प्रत्येकाला एकच प्रश्न पाठवावा : तुम्ही काय बदलले? उत्तरे थोडी येतील, पण पुढच्या वर्षीच्या आखणीसाठी तीच उपयोगी पडतील.

शेवटी जबाबदारी रुग्णालयाचीही आहे. एकाच युनिटचे सगळे वरिष्ठ एका वेळी जाऊ नयेत, याचे वेळापत्रक महिनाभर आधी लागावे. ओपीडी बंद किंवा कमी राहणार असेल, तर तारीख आधीच्या भेटीतच रुग्णाच्या केसपेपरवर लिहून द्यावी. तेवढ्याने त्याची एक फेरी वाचते. आणि रजा मंजूर करताना प्रमाणपत्राची प्रत मागण्याऐवजी परतल्यावर घेतलेल्या वर्गाची तारीख आणि बदललेल्या एका गोष्टीची नोंद मागावी.

शुक्रवारी परत पाठवलेला माणूस सोमवारी पुन्हा रांगेत उभा असतो. डॉक्टर कोणत्या शहरात गेले होते, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. त्याची तपासणी शुक्रवारी झाली असती त्यापेक्षा सोमवारी थोडी चांगली झाली, तर त्याची वाढीव फेरी वाया गेली नाही असे म्हणता येईल.