आधी हक्क, मग दाखला

मतदार ओळखपत्राविषयी कुणी शंका काढली की आपल्याकडे एक ठरलेले उत्तर मिळते. बँकेत कागद लागतो, सिमकार्डाला लागतो, रेशनला लागतो. मग मताला लागला तर बिघडले कोठे? हे उत्तर चहाच्या टपरीवर मिळते, कचेरीत मिळते आणि हल्ली मोहल्ल्यातील चार शिकलेल्या माणसांकडूनही मिळते. ऐकायला ते अगदी सरळ वाटते. म्हणूनच त्याचा समाचार घेणे भाग आहे.

बँकेतले खाते हा व्यवहार आहे. सिमकार्ड ही विकत घेतलेली सेवा आहे. मत हा हक्क आहे. राज्यघटनेच्या ३२६व्या कलमाने तो प्रौढ नागरिकाला दिला. ३२५व्या कलमाने बजावले की धर्म, वंश, जात वा लिंग यांमुळे कुणाचेही नाव मतदारयादीबाहेर ठेवता येणार नाही. या कलमांत कागद बाळगण्याची अट कोठेही घातलेली नाही. कागद ही सोय आहे. ती असावी, चांगली असावी, याला कुणाचा विरोध नाही. प्रश्न एवढाच आहे की कागद नसेल, चुकीचा असेल, तर दोष कुणाचा? आणि सिद्ध कुणी करायचे? नागरिकाने की सरकारने?

आपल्या प्रजासत्ताकाने या प्रश्नाचे उत्तर जन्माच्या वेळीच दिले होते. इंग्रजी अमदानीत मत हे जमीन, कर आणि शिक्षण यांच्याशी बांधलेले होते. ज्याच्याकडे सातबारा, त्याच्याकडे मत. १९४७-४८ मध्ये नव्या मतदारयाद्यांची तयारी सुरू झाली तेव्हा देशात लाखो निर्वासित होते. त्यांच्याजवळ कागदच काय, भांडेही नव्हते. त्यांना सांगितले गेले की इथे कायम राहण्याचा इरादा आहे असे जाहीर करा, नाव लिहून घेऊ. फाळणीच्या रक्तात न्हालेल्या देशाने माणसाच्या तोंडच्या शब्दावर विश्वास ठेवला. पुढे १९४९च्या जूनमध्ये संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी तक्रार मांडली की काही प्रांतांत वंशाने, भाषेने वा संस्कृतीने वेगळ्या असलेल्या लोकांना यादीबाहेर ठेवण्याचे प्रयत्न चालले आहेत. निवडणूक आयोग प्रांतिक सरकारांच्या हाती न देता स्वतंत्र ठेवण्यामागे हेही एक कारण होते. म्हणजे ज्या आयोगाकडे आज आपण कागद घेऊन धावतो, तो आयोग यादीबाहेर ढकलल्या जाणाऱ्यांच्या रक्षणासाठी जन्माला आला होता.

फोटो ओळखपत्र आले ते १९९३ साली, टी. एन. शेषन यांच्या कारकिर्दीत. बोगस मतदानाला आळा घालणे हा हेतू होता आणि तो योग्यच होता. तरी कार्ड म्हणजे मत, असे आयोगानेही कधी धरले नाही. मतदानाच्या दिवशी कार्ड नसेल तर पासपोर्ट, वाहन परवाना, पॅन, आधार, फोटो असलेले बँक पासबुक, इतकेच काय रोजगार हमीचे जॉबकार्डही चालते. मात्र यादीत नाव हवे. यादीत नाव नसेल तर खिशातले कार्ड म्हणजे नुसता फोटो. केंद्रावर एखाद्या मतदाराविषयी प्रतिनिधीला शंका आली तर त्याने २ रुपये भरून आक्षेप घ्यायचा, आणि शंका आधी त्यानेच पटवून द्यायची. यादीतून कुणाचे नाव काढायचे तर फॉर्म ७ भरणाऱ्याने कारण द्यायचे. खोटे निवेदन केले तर १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात शिक्षा आहे. कायद्याचा मूळ कल हा असा आहे. संशय घेणाऱ्याने सिद्ध करावे.

हा कल उलटवण्याचा पहिला मोठा प्रयोग आपल्या मुंबईत झाला, हे किती जणांना आठवते? १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईतील आणि दिल्लीतील अनेक वस्त्यांत मतदारांना नोटिसा गेल्या. नागरिकत्व सिद्ध करा, नाहीतर नाव कापू. जन्मदाखला, पासपोर्ट, नागरिकत्वाचे प्रमाणपत्र अशा मोजक्या कागदांवाचून काही चालणार नव्हते. झोपडीत राहणाऱ्या मजुराने पासपोर्ट आणायचा कोठून? १९९५ साली लालबाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही कारवाई रद्द केली. ज्याचे नाव आधीच यादीत आहे त्याच्या नोंदीला वजन द्या, संशयाचे कारण त्याला कळवा, इतर पुरावेही पाहा, असे न्यायालयाने बजावले.

बरोबर ३० वर्षांनी, २४ जून २०२५ रोजी, आयोगाने विशेष सखोल पुनरीक्षणाचा आदेश काढला. आदेश सबंध देशासाठी होता, सुरुवात बिहारपासून झाली. कागदांची यादी ११ नगांची होती. तीत आधार नव्हते, रेशनकार्ड नव्हते आणि आयोगाने स्वतः दिलेले मतदार ओळखपत्रही नव्हते! ज्या कार्डासाठी आयोगाने ३० वर्षे लोकांना रांगेत उभे केले, ते आयोगालाच पुरेनासे झाले. १ ऑगस्टच्या मसुदा यादीतून सुमारे ६५ लाख नावे गेली. मृत, स्थलांतरित, दुबार अशी कारणे सांगितली गेली. पण कोण कशामुळे गेले हे जाहीर करण्यासाठी १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. कागदावर मेलेली माणसे न्यायालयात जिवंत उभी करण्यात आली. ८ सप्टेंबरला आधार हा बारावा कागद म्हणून घेण्याचा आदेश झाला, तोही ओळखीपुरता. ऑक्टोबरात जाहीर झालेल्या दुसऱ्या टप्प्यात आपल्या बांद्याच्या नाक्यापलीकडचा गोवा होता. महाराष्ट्र त्या टप्प्यात नव्हता, एवढ्यावर आपल्याकडच्या पुष्कळांना सुखाची झोप लागली.

आता आपल्या किनाऱ्यावरचे कागद पाहू. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. त्याआधी जन्मलेल्या प्रत्येकाच्या दाखल्यावर तालुका मालवण, जिल्हा रत्नागिरी. दोडामार्ग तालुका १९९९चा. तिथल्या आजीचा कागद सावंतवाडीचा, आणि तिच्या वडिलांचा काढायला गेलात तर संस्थानी दप्तरातला. मालवण नावाचा विधानसभा मतदारसंघ २००८च्या फेररचनेत कुडाळात गेला. म्हणजे जुन्या यादीत नाव शोधा म्हटले की आधी मतदारसंघ शोधायचा.

जन्मतारखेचे तर विचारू नका. शाळा जूनमध्ये सुरू होत, म्हणून आमच्या व्यवसायातील जुन्या मास्तरांनी अर्ध्या कोकणाला १ जून ही जन्मतारीख वाटून टाकली. आई सांगे, ‘मोठ्या पावसात झाला’. मास्तर लिही, १ जून. त्यात लबाडी नव्हती. गावात नोंदच नव्हती, आणि पोराला पहिलीत घालायचे होते. आज संगणकासमोर बसलेला माणूस विचारतो, एका मोहल्ल्यात इतक्यांचा जन्म एकाच दिवशी कसा?

नावांची गोष्ट उर्दू शिकवणाऱ्याला अधिक कळते. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. शाळेच्या रजिस्टरात नाव एकच असते. तेच मराठीत उतरवताना महंमद, महम्मद, मोहम्मद, मुहम्मद असे होते; इंग्रजीत त्याचे आणखी पाच अवतार होतात, आणि घाईत असलेला कारकून नुसते ‘मो.’ लिहून मोकळा होतो. तहसील, तालुका, जिल्हा, दाखला, तारीख, दप्तर हे कचेरीतले शब्द अरबी-फारसीतूनच मराठीत आले आणि इथलेच होऊन गेले. त्याच कचेरीला अब्दुर्रहमान हे नाव दोन कागदांवर सारखे लिहिता येत नाही, आणि त्याचा जाब मात्र अब्दुर्रहमानने द्यायचा! पश्चिम बंगालमध्ये अशाच फरकांना ‘तार्किक विसंगती’ असे भारदस्त नाव देऊन नोटिसा धाडल्या गेल्या.

सर्वांत मोठी शिक्षा आपल्या बायांना. माहेरचे नाव शाळेच्या दाखल्यावर, निकाहनाम्यावर दुसरे, रेशनकार्डावर ‘बी’, आधारवर ‘बीबी’, आणि आडनाव नवऱ्याचे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशभरातील सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीत येऊ शकली नाहीत, कारण त्यांची नोंद अमक्याची आई, तमक्याची बायको अशी होती. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी स्त्रीचे स्वतःचे नाव हवे असा आग्रह धरला, तो रास्तच होता. आज तिला स्वतःचे नाव आहे, आणि ते चार कागदांवर चार तऱ्हांचे आहे, म्हणून ती पुन्हा दाराबाहेर.

आणि पुरुष? कुणी कुवेतला, कुणी बहरीनला, कुणी जहाजावर, कुणी मुंबईत. घरी चौकशीला आलेल्याला दार बंद दिसते आणि तो ‘स्थलांतरित’ लिहून जातो. कायदा सांगतो की तात्पुरता बाहेर गेलेला माणूस गावचा रहिवासी राहतोच. परदेशी असलेल्या पासपोर्टधारक नागरिकासाठी फॉर्म ६अ आहे. पण हे त्याच्या म्हाताऱ्या आईला कोण सांगणार? आजोबांची नल्ली, म्हणजे खलाशाचे नोंदपुस्तक, पेटीत जपून ठेवलेले असते; त्यावर शिक्के असतात, फोटो असतो. अकरांच्या यादीत नल्लीचे नाव नाही.

कागद नसेल तर नवा काढा, असे म्हणणाऱ्यांनी २०२५चा जानेवारी आठवावा. मालेगावच्या प्रकरणावरून राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले आणि उशिराचे जन्मदाखले देणे थांबवले. गुन्हेगार शोधावेत, खोटा दाखला देणाऱ्याला शिक्षा व्हावी. परंतु एका हाताने दाखला मागायचा आणि दुसऱ्या हाताने दाखल्याची खिडकी बंद करायची, याला कोणता न्याय म्हणावे?

यावर आपल्यातील खानदानी मंडळींचे उत्तर तयार असते. ‘आम्ही इथलेच, आमका कोण विचारतलो? हा त्रास भय्यांना, बंगाल्यांना.’ सोलापूरला १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण अभिमानाने सांगत आलो की आम्ही मराठी मुसलमान, या मातीतले. ते खरेच आहे. पण हा अभिमान शेजाऱ्याला परका ठरवण्यासाठी वापरायचा का? २०२५च्या फेब्रुवारीत क्रिकेट सामन्याच्या वेळच्या कथित घोषणांवरून मालवणात एका परप्रांतीय मुसलमान भंगार व्यावसायिकाचे दुकान पाडले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. इथे मात्र ‘तो आपल्यातला नव्हे’ एवढे म्हणून किती जण गप्प बसले? आसामात ३१ ऑगस्ट २०१९ला नागरिक नोंदवही प्रसिद्ध झाली तेव्हा १९ लाखांहून अधिक माणसे तिच्याबाहेर राहिली. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली कुटुंबे त्यांत होती. एकाच घरातला भाऊ आत आणि बहीण बाहेर होती. परक्यासाठी विणलेले जाळे मासा ओळखून पकडत नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना हे मी सांगायला नको.

आपल्या पुढाऱ्यांनाही दोन शब्द. मतदारयादीत पर्दानशीन स्त्रियांचे फोटो नकोत म्हणून थेट मद्रास उच्च न्यायालयापर्यंत वाद गेला आणि २००६ साली तो फेटाळला गेला. फोटोसाठी जेवढा आवाज उठतो, तेवढा त्याच स्त्रीचे नाव यादीत आहे की नाही यासाठी कधी उठला काय? निवडणूक आली की जमातीच्या बैठकीत मते कुणाला द्यायची यावर रात्र जागवतात. मते आहेत की नाहीत हे पाहायला कुणाला दिवस सापडत नाही. आणि ‘हा सगळा डाव आहे, कागदच देऊ नका’ असे सांगणारा तर शत्रूचे काम फुकटात करतो. असहकार ठीक, पण यादीतून गेलेल्या नावाला असहकारही करता येत नाही.

विरोधी बाजूचा एक मुद्दा खरा आहे. याद्यांत घोळ आहे. दुबार नावे आहेत, मेलेल्यांची नावे आहेत. २०२५च्या १ नोव्हेंबरला मुंबईत त्यासाठी विरोधी पक्षांनी मोर्चा काढला. याद्या साफ व्हायलाच हव्यात. पण मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत असते, नगरपरिषदेत असते. ती सरकारने सरकारकडून घ्यावी. दुबार नाव संगणक शोधतो; खात्री करून एक कापावे. या दोन्ही कामांसाठी जिवंत आणि एकाच ठिकाणी नाव असलेल्या म्हातारीने जन्माचा पुरावा आणण्याची गरज पडत नाही. कागदाची निवड निष्पाप नसते, हे बाहेरही दिसले आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या २०११च्या कायद्यात पिस्तुलाचा परवाना मतदानाला चालत होता, विद्यापीठाचे ओळखपत्र चालत नव्हते. ब्रिटनमध्ये २०२३च्या मे महिन्यात प्रथमच फोटो ओळख सक्तीची झाली, तेव्हा वृद्धांचा प्रवास पास चालला, तरुणांचे रेल्वेकार्ड चालले नाही. कोणता कागद चालेल हे ठरवणारा, कोण मत देईल हेही ठरवत असतो.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. एकदा यादीत आलेले नाव खरे मानले जावे. ते काढायचे तर सरकारने कारण लेखी द्यावे, बोलावून ऐकावे आणि सिद्ध करावे. स्पेलिंगचा फरक हा कचेरीचा दोष धरावा आणि कचेरीने तो घरी येऊन दुरुस्त करावा. बीएलओचे काम बहुधा आम्हा शिक्षकांकडेच येते. महिन्याभरात हजार माणसे उरकण्याचा हुकूम दिला तर शिक्षकही मरतो आणि यादीही मरते. २०२५च्या नोव्हेंबरात निरनिराळ्या राज्यांतून आलेल्या बातम्या याच्या साक्षी आहेत.

आणि मागणी करत असताना हात बांधून बसू नये. प्रत्येक मोहल्ल्यातील दोन मुलामुलींनी यादी उतरवून घरोघर वाचावी. २००२ ते २००५ या काळातील जुनी यादी शोधून आईवडिलांच्या नावाचे पान जपून ठेवावे. गळलेल्यासाठी फॉर्म ६, चुकलेल्यासाठी फॉर्म ८ भरावा आणि पोच घेतल्याशिवाय कचेरी सोडू नये. जुम्याच्या नमाजानंतर पाच मिनिटे यासाठी द्यावीत. या यादीत बंदरावरच्या बिहारी खलाशाचे, बाजारातल्या भंगारवाल्याचे आणि गावकुसाबाहेरच्या हिंदू म्हातारीचे नाव पाहणेही आलेच.

आपले उलेमा मताला शहादत म्हणतात, म्हणजे साक्ष. साक्षीदाराला साक्ष देण्याआधीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारे न्यायालय आपण मान्य करू नये. आणि पुकारा होईल तेव्हा घरीही बसू नये.