वहीतले दुसरे नाव

दसऱ्याचे सोने वाटून झाले, की बीड जिल्ह्यातील आमच्या कडा गावच्या रस्त्यावर दरवर्षी जे दृश्य दिसते ते आमच्या इतके अंगवळणी पडले आहे, की त्यात पाहण्यासारखे काही आहे याचाच आम्हांस विसर पडावा. आष्टी तालुक्याच्या वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडीस निघालेले ट्रक आणि ट्रॅक्टर येतात. त्यांत बाजरीची पोती, पत्र्याची पेटी, पाय बांधलेल्या कोंबड्या, कोपी नावाच्या झोपडीचे बांबू आणि चिंध्यांत गुंडाळलेले कोयते चढतात, आणि सर्वांच्या शेवटी तान्हे मूल कडेवर घेऊन बाई चढते. २३ सप्टेंबर २०२२ पासून कड्यावरून आगगाडी धावू लागली, परंतु या प्रवाशांचा प्रवास अद्याप टोळी जमविणाऱ्या मुकादमाच्या वाहनातूनच होतो, आणि मुकादमाच्या वहीत त्या सबंध संसाराची नोंद दोनच शब्दांत आटोपते: ‘एक कोयता’. नवऱ्याच्या नावापुढे उचलीची, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांची, रक्कम, तिच्याखाली त्याची सही किंवा अंगठा. जिच्यावाचून तो कोयता पुरा होतच नाही, जी नसली तर पुरुषाला ‘अर्धा कोयता’ म्हणतात, तिचे नाव त्या पानावर कोठेही नाही.

नवनवीन कल्पनांचा हा काळ आहे. शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये स्वतंत्र धोरण मंजूर करून ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. उसाला पाणी केव्हा द्यावे हे उपग्रह आणि यंत्रे सांगू लागतील, आणि त्याचे आम्ही मनापासून स्वागत करतो. परंतु धाडसी कल्पना म्हणजे यंत्रच असले पाहिजे, असे मानण्याची जी प्रवृत्ती बळावते आहे ती आम्हांस मान्य नाही. आमच्या मते या जिल्ह्यापुढील सर्वांत धाडसी कल्पना अशी आहे, की तोडणीच्या हिशेबात त्या बाईचे नाव स्वतंत्र ओळीवर चढावे, आणि तिने तोडलेल्या, मोळी बांधून डोक्यावरून वाहिलेल्या उसाचे दाम तिच्याच खात्यात जमा व्हावे.

ही मागणी क्षुल्लक वाटत असेल त्याने बीडच्या स्त्रियांची कैफियत आठवावी. २०१९ साली या जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींमागे एक, तर देशात हे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास होते. पहाटेच्या अंधारात उठून भाकरी थापायची, दिवसभर फडात वाकायचे, रात्री-अपरात्री वाहन आले की फळीवरून मोळ्या चढवायच्या, न्हाणीघर नाही, आडोसा नाही. आणि अंगावरच्या त्रासामुळे एक दिवस जरी घरी राहिले तरी ‘खाडा’ म्हणून दंड कापला जातो. असल्या स्थितीत पिशवी काढून टाकणे हाच उपाय आहे असे तिला कोणी सांगितले, तर ती ते का ऐकते, हे समजण्यास वैद्यकशास्त्राची गरज नाही. शस्त्रक्रियेचा खर्चही पुन्हा उचलीतूनच होतो, आणि ते कर्ज फेडण्यासाठी टाके वाळतात न वाळतात तोच ती फडात उभी राहते. जिच्या नावे मजुरीच नाही तिला रजा कशी मिळावी, आणि वहीत जी नाही ती आजारी पडली हे कोणाच्या दप्तरी लिहिले जावे?

महाराष्ट्राला नाव लिहिण्याचे सामर्थ्य ठाऊक नाही असे नव्हे. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातील विसापूर येथे मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग आरंभिला. पुढे १९७२च्या दुष्काळाने तो राज्यभर नेला, १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. शहरातील नोकरदारांच्या व्यवसाय कराचा पैसा अवर्षणग्रस्त खेड्यांतील मजुरीकडे वळविणारी ती योजना त्या काळी केवढी साहसाची होती! त्या कामांवर, पाझर तलावाच्या मातीत आणि खडीच्या ढिगाऱ्यांवर, आमच्याच भागातील आयाबाया राबल्या, आणि हजेरीपटावर प्रत्येकीचे नाव निराळे लिहिले गेले. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची चळवळ करून बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावण्याचे आवाहन केले. अगदी अलीकडे, १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या नावात आईचे नाव शासकीय कागदोपत्री आवश्यक ठरले. आता विचार करा, की कोपीत जन्मलेल्या लेकराच्या दाखल्यावर ज्या आईचे नाव सन्मानाने येणार, तिचेच नाव तिच्या घामाच्या हिशेबात नसावे, ही विसंगती किती काळ चालवून घ्यावयाची?

उपायासाठी दूर जाण्याचे कारण नाही. १९६९च्या कायद्याने माथाडी व हमाल कामगारांची मंडळे स्थापन झाली, त्यामागे अण्णासाहेब पाटील यांच्या संघटनेचे अथक परिश्रम होते. तेथेही टोळी आहे, तेथेही काम आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे असते, परंतु मालकाने मजुरी मंडळात भरायची, वर ‘लेव्ही’ हा अधिभार द्यायचा, आणि मंडळाने ती कामगाराला भविष्यनिर्वाह निधी व औषधपाण्याच्या सोयीसह पोचवायची, असा परिपाठ पडला. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ आज आहे. कारखान्यांकडून टनामागे १० रुपये आणि शासनाकडून तेवढेच, अशी त्याच्या निधीची रचना ठरली. या महामंडळाने वसतिगृहे आणि ओळखपत्रे यांवर न थांबता माथाडी मंडळाप्रमाणे मजुरीचे दप्तरच हाती घ्यावे, उचल त्याच्यामार्फत द्यावी आणि फेड त्याच्यामार्फत वळती करावी. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनास २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांच्या घरात गेला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण वाढीव दराचा कोणता भाग बाईच्या हाती पडला, हे दाखविणारा कागद कोणापाशी आहे?

यावर मुकादम मंडळी बिचकतील. त्यांना आम्ही खलपुरुष समजत नाही. कारखान्याची लाखोंची रक्कम स्वतःच्या जबाबदारीवर उचलून ती गावोगाव वाटणारा हा मनुष्य स्वतःच कर्जात असतो; टोळी हंगामाआधीच परागंदा झाली तर त्याची जमीन गहाण पडते, आणि मग वसुलीसाठी माणसे डांबून ठेवण्यापर्यंत मजल जाते. उचल मंडळाच्या दप्तरी आली तर मजुराच्या मानेवरचा फास सुटेल, आणि मुकादमाच्या डोक्यावरची टांगती तलवारही उतरेल. बागायतदार म्हणेल की तोडणी महागेल. त्यास आमचे उत्तर असे की ती आज स्वस्त दिसते, कारण निम्म्या श्रमाची किंमत एका बाईच्या शरीरातून वसूल होते.

आणि यंत्र तर दाराशीच आले आहे. ऊसतोडणी यंत्राच्या खरेदीस ४० टक्के अथवा ३५ लाख रुपये, यांपैकी कमी असेल ते अनुदान देऊन ९०० यंत्रे आणण्याची योजना २०२३ मध्ये जाहीर झाली. ती शेतकऱ्यांस, उद्योजकांस, कारखान्यांस खुली ठेवण्यात आली. यंत्रास रुंद सरी लागते, ओल्या रानात ते रुतते, दहा-वीस गुंठ्यांच्या तुकड्यात ते वळत नाही, म्हणून कोयता उद्याच म्यानात जाणार नाही. पण जाणार हे निश्चित. तेव्हा ज्यांच्या हातचे काम हे यंत्र घेणार, त्यांच्या नोंदणीकृत टोळ्यांनाच त्या अनुदानात पहिला हक्क का असू नये? वीस कोयत्यांची एक सहकारी टोळी, तिच्या भागधारकांत नवरा आणि बायको ही दोन निरनिराळी नावे, आणि यंत्र चालविण्याचे शिक्षण घेतलेल्या या तालुक्याच्या लेकी: यात अशक्य असे काय आहे? नाव वहीत नसेल, तर यंत्र येईल त्या दिवशी बाई कामावरून जाईल आणि कोणाचे काम गेले याचा पुरावासुद्धा उरणार नाही.

आज गाडी कारखान्याच्या काट्यावर चढली, की उसाचे वजन बागायतदाराच्या मोबाइलवर संदेशाने येते. तोच संदेश, त्याच क्षणी, तोडणाऱ्या पुरुषास आणि स्त्रीस वेगवेगळा धाडण्यास कोणत्याही नव्या शोधाची आवश्यकता नाही. दोन क्रमांक नोंदवावे लागतील, इतकेच. कामगारांच्या नोंदणीचे काम ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांकडे आहे. कडा ग्रामपंचायतीने आणि आष्टी तहसीलने येत्या दसऱ्याच्या आत आपल्या हद्दीतील प्रत्येक कोयत्यापुढे दोन ओळी आखाव्यात, दुसऱ्या ओळीवर बाईचे नाव, तिचे बँक खाते आणि तिचा मोबाइल क्रमांक लिहावा, आणि त्या यादीची प्रत हाती घेतल्यावाचून कोणत्याही मुकादमाचा ट्रक या गावची वेस ओलांडणार नाही, अशी व्यवस्था करावी.