सहृदय हवा, की नट?

नोकरभरतीच्या परिभाषेत गेल्या दोन-तीन दशकांत जे शब्द रुळले, त्यांत 'भावनिक बुद्धिमत्ता' हा शब्द अग्रभागी आहे. तो जाहिरातींत असतो, मुलाखतीच्या तयारीच्या पुस्तकांत असतो आणि 2013 पासून केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेच्या अभ्यासक्रमातही आहे. नीतिशास्त्राच्या 250 गुणांच्या प्रश्नपत्रिकेत ही संकल्पना आणि तिचे प्रशासनातील उपयोजन यांवर प्रश्न विचारले जातात. मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय घेऊन त्या परीक्षेला बसणारे विद्यार्थी आमच्याच वर्गांतून जातात. त्यामुळे हा प्रश्न व्यवस्थापनशास्त्राचा आहे असे म्हणून साहित्याच्या अध्यापकांना बाजूला होता येणार नाही. आमचे म्हणणे थोडक्यात असे: नोकरी देताना माणसाचे मनही पाहावे, ही अपेक्षा रास्त आहे, परंतु प्रत्यक्षात पाहिला जातो तो मनाचा अभिनय. या दोहोंतील भेद आपल्या साहित्यशास्त्राने फार पूर्वीच जाणला होता.

ही संकल्पना मुळात मर्यादित होती. 1990 साली पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी ती मांडली, तेव्हा आपल्या व इतरांच्या भावना ओळखणे, त्यांतील फरक जाणणे आणि त्या जाणिवेचा विचारात व कृतीत उपयोग करणे, एवढाच तिचा आशय होता. 1995 साली डॅनियल गोलमन यांचे पुस्तक आले. ही बुद्धिमत्ता बुद्ध्यंकापेक्षाही अधिक मोलाची ठरू शकते, असे त्याच्या उपशीर्षकातच सुचवलेले होते. अभ्यासकांची एक संज्ञा अशा रीतीने यशाची गुरुकिल्ली झाली, आणि गुरुकिल्ली म्हटली की ती कोणाच्या खिशात आहे हे तपासणारेही ओघाने आलेच.

तपासायचे कसे, हा खरा पेच आहे. मेयर, सॅलोव्हे आणि डेव्हिड करूसो यांच्या 2002 सालच्या चाचणीत 141 प्रश्न होते. चेहऱ्याचे छायाचित्र पाहून त्यावर कोणती भावना किती प्रमाणात आहे ते सांगा, अशा धर्तीचे प्रश्न त्यात होते. त्यांचे बरोबर उत्तर ठरवण्याचे दोन मार्ग होते: बहुसंख्य लोकांनी जे निवडले ते, किंवा भावनांचा अभ्यास करणाऱ्या 21 तज्ज्ञांच्या गटाने जे निवडले ते. कवितेच्या तासाला आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो, की बहुमताने अर्थ ठरत नसतो. इथे मात्र चारचौघांसारखे वाटणे म्हणजेच बुद्धिमत्ता! एखाद्या चेहऱ्यावरचे दुःख ज्याला इतरांपेक्षा खोलवर दिसले, तो उमेदवार या मोजपट्टीवर कमीच भरण्याची शक्यता. दुसऱ्या प्रकारच्या चाचण्यांत उमेदवाराने स्वतःविषयीच सांगायचे असते. मी इतरांचे शांतपणे ऐकून घेतो का? नोकरीची गरज असलेला कोणता उमेदवार याला 'नाही' म्हणेल?

यंत्राने हा पेच सुटेल, अशी आशाही काहींनी बाळगली. ध्वनिचित्रित मुलाखतीतील चेहऱ्याच्या हालचालींवरून उमेदवाराचे मूल्यमापन करणाऱ्या हायरव्ह्यू या अमेरिकी कंपनीने टीकेनंतर ते विश्लेषण थांबवल्याचे 2021 साली जाहीर केले. युरोपीय संघाने तर कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत यंत्राद्वारे माणसाच्या भावना ताडण्यावर, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, फेब्रुवारी 2025 पासून बंदीच घातली. यंत्राकडून काढून घेतलेला हा अधिकार निवड समितीच्या टेबलामागील माणसे मात्र निःशंकपणे बजावत असतात.

भरताने नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. मुलाखतीची खोली या दृष्टीने पाहावी. ताठ बसणे, डोळ्यांत पाहून बोलणे, बेताचे हसणे हे आंगिक. प्रमाण उच्चार आणि ठेवणीतले इंग्रजी हे वाचिक. इस्त्रीचा सदरा किंवा फिकट रंगाची साडी हे आहार्य. हे तिन्ही शिकता येतात आणि म्हणूनच ते शिकवणारे वर्ग जोरात चालतात. चौथा प्रकार वेगळा आहे. स्वेद, वेपथू, स्वरभंग हे सात्त्विक भाव मन एकाग्र झाल्याखेरीज प्रकट होत नाहीत, नुसत्या अनुकरणाने ते साधत नाहीत, अशी आपल्या परंपरेची धारणा आहे. मुलाखतीत नेमके तेच उमेदवाराच्या विरोधात जातात. तळव्यांना घाम आला, हात कापला, आवाज दाटला, की 'आत्मविश्वास कमी' असा शेरा पडतो.

या मूल्यमापनाची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही. वडीलधाऱ्यांपुढे नजर खाली ठेवणे हा ज्या घरात आदर मानला जातो, तिथून आलेला मुलगा समितीपुढेही नजर खाली ठेवतो. ज्या मुलीला चारचौघांत मोठ्याने बोलू नये असेच शिकवले गेले, ती हळू बोलते. त्यांच्या ठायी दुसऱ्याचे मन जाणण्याची शक्ती कमी आहे, असे यावरून कसे ठरते? समितीला जे आपल्यासारखे वाटते, ते तिला समंजसही वाटते. पूर्वी याला 'घराणे पाहणे' म्हणत. आता त्याला शास्त्रीय नाव मिळाले आहे.

तोंडी परीक्षेतील हा धोका न्यायालयाच्याही ध्यानात आला होता. अजय हासिया खटल्यात, श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशाच्या संदर्भात, एकूण गुणांच्या एकतृतीयांश गुण मुलाखतीला ठेवणे सर्वोच्च न्यायालयाने अवाजवी ठरवले आणि 15 टक्क्यांची मर्यादा सांगितली. केंद्र शासनाने 1 जानेवारी 2016 पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद केल्या. आमच्या क्षेत्रात मात्र काटा उलट फिरला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाच्या निवडीत मुलाखतीचा वाटा 20 टक्के होता. विषयज्ञान आणि अध्यापनकौशल्याला 30 टक्के होते. 2018 च्या नियमावलीने शैक्षणिक गुण केवळ उमेदवारांची यादी लहान करण्यापुरते ठेवले आणि अंतिम निवड मुलाखतीवर सोपवली. पदवी, संशोधन, वर्षानुवर्षांचे अध्यापन हे सारे दाराबाहेर ठेवून आत जायचे, आणि आत गेल्यावर काही मिनिटांत 'व्यक्तिमत्त्व' दाखवायचे.

'भावनिक बुद्धिमत्ते'च्या नावाखाली उमेदवाराकडून बहुधा काय अपेक्षित असते, हेही स्पष्टच बोलायला हवे. तासिका तत्त्वावर शिकवणारे आमचे कितीतरी सहकारी वर्षामागून वर्षे मुलाखती देत असतात. 'जुळवून घ्याल ना?' हा प्रश्न त्यांना ओळखीचा आहे. अपुऱ्या आणि उशिरा मिळणाऱ्या मानधनावर प्रसन्न मुद्रेने काम करण्याची तयारी, एवढाच त्याचा अर्थ असतो. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1983 साली विमानातील सेविकांचा अभ्यास करून 'भावनिक श्रम' ही संज्ञा रूढ केली. वरवरचे हसू आणि स्वतःच्या भावनाच बदलून आणलेले हसू, असा भेद त्यांनी केला आणि दोन्हींची झीज माणसालाच सोसावी लागते हे दाखवले. ज्या गुणाची कार्यालयाला गरज आहे, त्याला श्रम म्हणून मोबदला द्यावा लागतो. तोच उमेदवाराचा 'स्वभाव' म्हणून मागितला, की फुकट मिळतो.

आमच्या या प्रतिपादनावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. शिक्षक, परिचारिका, तलाठी, पोलीस यांना माणसांशी वागायचे असते. तिथे केवळ गुणपत्रिका पाहून कसे चालेल? चालणार नाही, हे आम्हालाही मान्य आहे. वर्गात मागच्या बाकावर गप्प बसलेल्या मुलाकडे ज्याचे लक्ष जात नाही, तो कितीही विद्वान असला तरी अपुराच शिक्षक. मात्र हा गुण प्रत्यक्ष कामात दिसतो. म्हणून उमेदवाराला खऱ्या वर्गावर एक तास शिकवू द्यावा आणि चुकीचे उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याशी तो कसा बोलतो, हे पाहावे. प्रत्येकाला तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत आणि गुण कशासाठी द्यायचे हे आधी लिहून ठेवावे. अशा आखीव मुलाखती गप्पांच्या ओघातील मुलाखतींपेक्षा पुढील कामाचा अंदाज अधिक चांगला देतात, असे या विषयावरील संशोधन दीर्घकाळ सांगत आले आहे. समितीची बुद्धिमत्ताही इथेच कसाला लागते. थरथरणाऱ्या उमेदवारापुढे पाण्याचा पेला सरकवून एक मिनिट थांबणे ज्या समितीला सुचत नाही, तिने इतरांच्या भावनिक बुद्धिमत्तेला गुण द्यावेत का?

साहित्याच्या विभागांना यात एक मोहही आहे. 'साहित्य वाचा, समानुभूती वाढेल, नोकरी मिळेल' अशी जाहिरात करून आपले ओसरते वर्ग भरावेत, असे अनेकांना वाटते. ललित साहित्याचा उतारा वाचल्याने दुसऱ्याचे मन ओळखण्याची क्षमता लगेच वाढते, असा निष्कर्ष 2013 साली 'सायन्स' या नियतकालिकात आला, तेव्हा आपल्याकडेही त्याचे कौतुक झाले; पुढे इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा तो परिणाम हाती लागला नाही. असल्या टेकूची आपल्याला गरजही नाही. न. चिं. केळकरांनी वाङ्मयानंदाची मीमांसा करताना 'सविकल्प समाधी' ही कल्पना मांडली: दुसऱ्याच्या भूमिकेत शिरायचे, पण स्वतःला न विसरता. सहृदयाचे याहून नेमके वर्णन क्वचितच सापडेल. ही अवस्था एकांतात, सावकाश, वर्षानुवर्षांच्या वाचनाने येते आणि ती पंधरा मिनिटांत कोणाला दाखवता येत नाही.

म्हणून मुलाखतीला निघालेल्या विद्यार्थ्यांना आपण कपडे, उच्चार आणि बसण्याची रीत जरूर सांगावी. ती व्यवहाराची गरज आहे. मात्र ती सांगताना हा अभिनय आहे हेही सांगावे, म्हणजे नापसंतीचे पत्र हाती आल्यावर आपल्यात माणूसपणच कमी आहे, असे त्यांना वाटणार नाही.