प्रिंटर आहे, पण एका वायरीपुरता!

सबमिशनचा आठवडा आला की कॉलेजच्या गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जत्रा भरते. पद्धत ठरलेली. दुकानातल्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप उघडंच असतं, त्या नंबरवर पीडीएफ टाकायची आणि गर्दीतून ओरडायचं, 'काका, वरून तिसरी माझी!' असाइनमेंटपुरतं ठीक आहे हो. पण स्कॉलरशिपच्या वेळी आपण आधार, पासबुक, उत्पन्नाचा दाखला असं सगळं त्याच नंबरवर पाठवून मोकळे होतो. ते तिथल्या डाउनलोड्समध्ये पडून राहतं. काका सज्जन असतीलही, पण तो कॉम्प्युटर दिवसभरात किती जण हाताळतात?

गंमत म्हणजे प्रिंटर कॉलेजातही असतो. फक्त यूएसबी केबलने एकाच कॉम्प्युटरला जोडलेला. त्या टेबलावरचे सर जेवायला गेले की प्रिंटिंग बंद.

यातल्या बऱ्याच प्रिंटरमध्ये वाय-फाय असतं किंवा मागे लॅनचं सॉकेट असतं, वर्षानुवर्षं न वापरलेलं. तिथे केबल लावायची आणि राउटरमध्ये प्रिंटरचा आयपी ॲड्रेस पक्का करायचा. नाहीतर लाइट जाऊन आली की पत्ता बदलू शकतो आणि प्रिंटर 'ऑफलाइन' दिसायला लागतो. ड्रायव्हरची सीडी शोधायचे दिवसही गेले. आयफोनमध्ये एअरप्रिंट 2010 पासून आहे, अँड्रॉइडमध्येही प्रिंटची सोय आता आतच येते.

खरी अडचण पुढे आहे. फोन आणि प्रिंटर एकाच नेटवर्कवर लागतात आणि ऑफिसचं नेटवर्क विद्यार्थ्यांसाठी खुलं करता येत नाही. करूही नये, परीक्षेच्या फाइल्स तिथेच असतात! म्हणून लायब्ररीतला एक प्रिंटर विद्यार्थ्यांच्या वाय-फायवर टाका, एवढंच मागणं आहे. अशा वाय-फायवर एक डिव्हाइस दुसऱ्याला दिसू नये असं सेटिंग बहुधा असतं. प्रिंटरपुरती त्यातून सूट द्यावी लागेल. नेटवर्क सांभाळणाऱ्याला ते जमायला हवं.

'मुलं कागद उधळतील' हे उत्तर येणारच. मग पानाला पैसे घ्या, बाहेर देतोच की आम्ही. काकांचा धंदाही बुडत नाही, ब्लॅकबुकच्या बाइंडिंगला शेवटी त्यांच्याकडेच जायचंय.

तोवर आधार द्यायचंच झालं आणि चालणार असेल, तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार पाठवा. प्रिंट हातात आली की फाइल समोर डिलीट करून घ्या, रिसायकल बिनमधूनसुद्धा. मागे रांग ओरडली तरी.