जरा पुढे बघून येतो

परवा बहिणीच्या मुलीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला लक्ष्मी रोडवर गेलो होतो. मी, बहीण, नवरी मुलगी आणि आमची आत्या. आत्याचं वय ७८, साडीखरेदीचा अनुभव साठ वर्षांचा. दुकान चांगलं तीन मजली, थंडगार. आम्हाला गुबगुबीत स्टुलांवर बसवलं, पाणी आलं, चहाचं विचारून झालं आणि काउंटरपलीकडे एक मुलगी येऊन उभी राहिली. विशी-बाविशीची असेल. दुकानाची युनिफॉर्मची साडी, घट्ट अंबाडा आणि ते ठरावीक "हां मॅडम, काय दाखवू?"

पुढचा दीड तास ती साड्या काढत होती आणि आम्ही नाकं मुरडत होतो. आत्याचा तोफखाना सुरू होता. "ए, ती वरची काढ गं... ती नव्हे, तिच्या खालची... अशी काय धरतेस, पदर दाखव की!" काउंटरवर साड्यांचा डोंगर झाला. मध्येच माझं लक्ष गेलं तर ती मुलगी एक पाय किंचित उचलून दुसऱ्यावर भार देत होती. थोड्या वेळाने पाय बदलत होती. मी सहज म्हटलं, "अगं, बस ना जरा, आमचं ठरेपर्यंत." ती हसली आणि तिने छताच्या कोपऱ्याकडे एकदा बघितलं. तिथे कॅमेरा होता. "नाही काकू, काउंटरला असताना बसत नाही आम्ही."

एवढं झाल्यावर आम्ही काय केलं? एकही साडी न घेता उठलो. आत्या म्हणाली, "जरा पुढे बघून येतो हं." ती म्हणाली, "हो, या ना मॅडम." जिन्याच्या वळणावर मी मागे पाहिलं तर ती घड्या घालायला लागली होती.

आता हे "जरा पुढे बघून येतो" मला फार आवडतं. ते खोटं असतं, हे बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असतं. पण "तुमच्या साड्या आम्हाला आवडल्या नाहीत" असं कोणी कोणाच्या तोंडावर म्हणत नाही, आणि "मग दीड तास कशाला घालवलात?" असंही कोणी विचारत नाही. आपल्याकडे उठसूट थँक्यू म्हणायची रीत नव्हती. आभार मानणं हे व्याख्यानाच्या शेवटी करायचं काम! दुकानातून निघताना "येतो" म्हणायचं आणि गल्ल्यावरच्याने "या" म्हणायचं, यातच सगळं आलं. आणि आता? किराणा घेतला, कोड स्कॅन केला, आणि काउंटरवरची ती डबी बोलते, अमुक रुपये प्राप्त झाले. दुकानदार नाही बोलत, मी नाही बोलत. दोघांच्या वतीने डबीच काय ते बोलते.

पण माझ्या मनातून जात नव्हतं ते आत्याचं "ए". आणि लक्षात घ्या, "अगं, बस ना" म्हणणारी मीसुद्धा तिला तूच म्हणाले होते. इंग्रजीत हा प्रश्न येत नाही, सगळ्यांना एकच यू. मराठीत मात्र तोंड उघडल्याबरोबर समोरच्याला कुठे बसवायचं ते आपण ठरवून टाकतो. बँकेतल्या पंचविशीच्या मुलाला आपण अहो म्हणतो. हॉटेलात टेबल पुसणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला "अरे, जरा पाणी आण." वयाचा संबंध नाही, प्रेमाचा तर नाहीच. मंडईतली भाजीवाली मला "घे गं बाई, ताजी आहे" म्हणते आणि मी तिला "नीट लाव गं" म्हणते, तिथे काही बिघडत नाही. हिशेब सरळ आहे. समोरची मला उलट तू म्हणू शकते का? शकत असेल तर तो जिव्हाळा. नसेल तर तो नुसता हुकूम. त्या साडीच्या दुकानातली मुलगी आत्याला "अगं आजी, एक काय ते ठरव" म्हणाली असती तर? (खरं तर म्हणायला हवं होतं. आत्याच्या घरातही हे कोणी म्हणत नाही, तो भाग वेगळा.)

पुण्यात राहून दुकानातल्या वागणुकीवर लिहायचं म्हणजे दुपारच्या एक ते चारचा विनोद करायलाच हवा. पण तो आता शिळा झाला. ज्यांच्यावरून तो होत असे त्या चितळ्यांनीही २०१७ मध्ये दुपारची सुट्टी बंद केली. मला एवढंच म्हणायचंय की हे सगळे विनोद, त्या पाट्या, पुलंचा तो पुणेकर दुकानदार, यांत गिऱ्हाईक नेहमी बिचारं असतं. हसताना आपण आपोआप काउंटरच्या अलीकडे उभे असतो. तिरसट दुकानदारावर वाङ्मय आहे, उद्धट गिऱ्हाइकावर काय आहे? ते वाङ्मय दुकानातल्या नोकरांच्या डबा खायच्या खोलीत तयार होत असणार, आणि आपण ते ऐकत नाही हेच बरं!

ग्राहकाच्या हक्कांचं महत्त्व मला कळत नाही असं नाही. बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत याच पुण्यात १९७४ साली सुरू केली. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला, २०१९ मध्ये तो नव्याने झाला. वजनात मारणारा, छापील किमतीपेक्षा जास्त घेणारा, बिल न देणारा दुकानदार होता आणि आहे, त्याच्याशी भांडायलाच हवं. पण ते भांडण दुकानाच्या मालकाशी असतं. काउंटरमागे उभी असते ती मुलगी ना माल ठरवते, ना किंमत, ना बदलून देण्याचा नियम. बिल करताना मोबाईल नंबर मागते तोही तिला सांगितलेलं असतं म्हणून. (नंबर देण्याची सक्ती करू नका असं केंद्राच्या ग्राहक खात्याने २०२३ मध्ये दुकानदारांना कळवलंय. तेव्हा शांतपणे "नाही द्यायचा" म्हणावं. "तुम्ही लोक आमचा डेटा विकता" हे भाषण त्या मुलीला ऐकवून काय उपयोग?)

कुणी म्हणेल, गोड बोलणं हे त्यांचं कामच आहे, त्याचा पगार मिळतो त्यांना. अगदी बरोबर. आणि म्हणूनच मला वाटतं की दुकानात खऱ्या अर्थाने सौजन्य दाखवू शकतो तो फक्त गिऱ्हाईकच. तिचं हसणं पगारात धरलेलं आहे. नाही हसली तर मॅनेजर बोलणार, नोकरीवर येणार. माझ्या हसण्याचा पगार मला कोणी देत नाही, आणि मी खेकसले तर मला कोणी काढूनही टाकत नाही, उलट मॅनेजर धावत येऊन माझीच माफी मागतो. ज्याला कसंही वागून चालतं, त्याने नीट वागावं ना! टोकियो शहराने ग्राहकांच्या अरेरावीपासून कर्मचाऱ्यांना वाचवण्यासाठी नियम केला, तो एप्रिल २०२५ पासून लागूही झाला. त्यात शिक्षा काही नाही. पण गिऱ्हाइकापुढे कमरेत वाकण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या जपानवर ही वेळ यावी, हे मला विचार करण्यासारखं वाटलं.

आणि ते उभं राहणं. माझ्या लहानपणी साडीचं दुकान म्हणजे गादी. पांढरीशुभ्र चादर घातलेली लांबलचक गादी, चपला खाली काढून वर बसायचं, समोर सेल्समन मांडी घालून बसलेला. साडी खुलवून दाखवायची तर तो गुडघ्यांवर व्हायचा आणि बिनदिक्कत पदर स्वतःच्या खांद्यावर टाकायचा. मिशीवाला माणूस आणि खांद्यावर पैठणीचा पदर, आम्ही पोरी फिदीफिदी हसायचो. तेव्हाच्या मालकांना नोकरांचा फार पुळका होता असं मुळीच नाही. पगार तुटपुंजे, दिवस मोठा. पण गिऱ्हाईक आणि नोकर एकाच गादीवर बसलेले असायचे. मग शोरूम आल्या, काच आली, काउंटर आले. गिऱ्हाइकाला स्टूल मिळालं आणि नोकर उभा राहिला. हे कधी झालं ते माझ्या लक्षातही आलं नाही.

केरळात मात्र ते बायकांच्या लक्षात आलं होतं. कोळिकोडच्या मिठाई तेरुवु या बाजारात दुकानांत काम करणाऱ्या बायकांना पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी एकत्र केलं, 'पेण्कूट्ट' नावाची संघटना बांधली. त्यांचा पहिला प्रश्न तर बसण्याचाही नव्हता, स्वच्छतागृहाचा होता. दिवसभर जायला जागा नाही म्हणून बायका पाणीच पीत नसत. मग बसण्याचा प्रश्न आला आणि तिथल्या साड्यांच्या मोठ्या शोरूममधल्या बायकांनीही त्यासाठी आंदोलन केलं. शेवटी २०१८ मध्ये केरळने दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून बसायची सोय सक्तीची केली. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही केली. विलायतेत तर याचा कायदा १८९९ सालीच झाला होता. दर तीन बाई-नोकरांमागे निदान एक तरी बसायला जागा हवी! म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळात जे सुचलं ते आपल्याला मोबाईलच्या काळात सुचतंय.

पण मला राहून राहून वाटतं की त्या मुली उभ्या का असतात? मालकाचं म्हणणं असणार, बसलेला नोकर गिऱ्हाइकाला आवडत नाही. म्हणजे माझ्या नावावर उभ्या आहेत त्या. आणि खोटं कशाला बोलू, बसून मोबाईल बघणारी मुलगी दिसली की माझ्याही कपाळाला आठी पडायची. "यांना गिऱ्हाईक नकोच आहे" हे वाक्य मी किती वेळा बोलले असेन!

असो. पुढच्या पाच दुकानांत फिरून झालं आणि आत्याने जाहीर केलं की पहिल्या दुकानातली ती जांभळी, हिरव्या काठांचीच बरी होती. (साठ वर्षांचा अनुभव!) दुसऱ्या दिवशी मी आणि बहीण दोघीच परत गेलो. आत्याला मुद्दाम नेलं नाही. तीच मुलगी होती. आम्हाला ओळखलं. "बघून आलात ना काकू?" म्हणाली, आणि चेहरा इतका सरळ ठेवून, की मला चिमटा होता की नव्हता ते अजून कळलेलं नाही.

मी ठरवूनच आले होते. "काल तुम्ही ती जांभळी दाखवली होती, तीच काढा." तुम्ही म्हटल्यावर तिने एकदा मागे वळून पाहिलं, आणखी कोणी उभं आहे का म्हणून. नंबर विचारल्यावर मी "नको" म्हटलं, ती "बरं" म्हणाली. जांभळी घेतली, अजून दोन घेतल्या. बहीण पैसे द्यायला खाली गेली. काउंटरवर आमच्यासाठी उघडलेल्या सात-आठ साड्या तशाच पडल्या होत्या. म्हटलं, तेवढीच मदत. एक ओढली, काठाला काठ लावला आणि घरी घालते तशी छान चौकोनी घडी घालून तिच्यापुढे ठेवली.

तिने ती हळूच बाजूला घेतली, झटकून पुन्हा उलगडली आणि दुकानाच्या पद्धतीने, पदर वर येईल अशी, चार हातांत घालून रॅकमध्ये सरकवली.

"राहू द्या काकू," ती म्हणाली, "तुम्ही घातली की आम्हाला दोनदा घालावी लागते."