ईमेलनं लॉगिन जरूर करा, पण...

आयआरसीटीसीवर खातं उघडताना आधी युजरनेम ठरवावं लागतं. स्वतःचं नाव टाकावं तर ते कुणीतरी आधीच घेतलेलं. मग नावाला जन्मसाल जोडायचं, नाहीतर गावाचं नाव. पुढे गणपतीला गावी जायचं तिकीट काढायला बसलं, की नेमकं तेच आठवत नाही. हा त्रास इतर अनेक वेबसाइटवर ईमेल पत्त्यानं मिटवला. एक पत्ता एका वेळी दोघांना मिळत नाही, तो तोंडपाठ असतो आणि पासवर्ड विसरला तर नवा करायची लिंकही तिथंच येते. लॉगिनला ईमेल घेणं योग्यच आहे.

पण पत्ता म्हणजे माणूस नव्हे.

जून २०१३ मध्ये याहूनं जाहीर केलं, की वर्षभर न वापरलेले आयडी मोकळे करून दुसऱ्यांना देणार. दिलेही. थोड्याच दिवसांत नव्या मालकांना जुन्या मालकांची खासगी पत्रं येऊ लागली. अशा पत्त्यावर एखाद्या जुन्या खात्याची ‘पासवर्ड विसरलात?’ची लिंक मागवली, की ते खातं परक्याच्या हाती! याहू आणि फेसबुकच्या अभियंत्यांनी यावर तोड काढली. वेबसाइटनं पत्रासोबत एक तारीख पाठवायची. त्या तारखेनंतर पत्ता दुसऱ्याकडे गेला असेल, तर पत्र पोचवायचंच नाही. २०१४ मध्ये याचं तांत्रिक मानक आरएफसी ७२९३ म्हणून प्रसिद्ध झालं.

कॉलेजचा पत्ता बहुधा पदवीनंतर बंद होतो, कंपनीचा राजीनाम्यानंतर. आपल्याकडे तर भरतीचा अर्ज भरून देणारा सेवा केंद्राचा चालक घाईत स्वतःचाच ईमेल टाकून मोकळा होतो. निवड झाल्याचं पत्र मग त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहतं. मोबाईल नंबरही याला पर्याय नाही. बंद झालेला नंबर ९० दिवस दुसऱ्याला देत नाहीत, असं दूरसंचार नियामक ‘ट्राय’नं २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं. म्हणजे त्यानंतर तो दुसऱ्याकडे जाऊ शकतो.

दोष ईमेलचा नाही, वेबसाइट बांधणाऱ्यांचा आहे. डेटाबेसमध्ये ईमेललाच ‘प्रायमरी की’, म्हणजे खात्याची मुख्य ओळख, करून ठेवलं, की ग्राहकाच्या साऱ्या नोंदी त्या पत्त्याला चिकटतात आणि पत्ता बदलायचा म्हटलं की ‘नवं खातं उघडा’ हे उत्तर मिळतं. हे चालवून घेता कामा नये. प्रत्येक खात्याला आतून कधीच न बदलणारा क्रमांक द्यावा आणि ईमेल ही त्याखालची, बदलता येणारी नोंद असावी. बदल करताना पासवर्ड पुन्हा विचारावा, जुन्या पत्त्यावर सूचना पाठवावी. ज्याचा जुना पत्ता बंदच पडला असेल, त्याच्यासाठी खातं उघडतानाच दुसरा पर्यायी पत्ता मागून ठेवावा.